मोहाचे तेल आणि चिनी मातीचा दिवा

जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या, अरण्यप्रदेशात जो दिवा घरोघर तेवत असे, त्याचे तेल दुकानातून येत नसे. मोहफुलांचा हंगाम सरल्यावर त्याच वृक्षाला जे फळ धरते, त्याच्या बिया वाळवून, कुटून आणि दाबून गोंड कुटुंबे ते घरीच काढीत. हे तेल दाट, थंडीने थिजणारे. वातीतून ते फार वर चढत नाही, आणि म्हणूनच पणती असो की समई, आपल्या जुन्या दिव्यांत ज्योत तेलाला लागूनच असते.

रॉकेलने ही रचना पालटली. ते पातळ असल्यामुळे वातीतून सहज वर चढते. तेव्हा तेलाचे भांडे खाली, ज्योत वर आणि तिच्याभोवती काच, अशी योजना शक्य झाली. बर्लिनच्या विल्ड आणि वेसेल या कारखान्याने १८६५ साली काढलेल्या ‘कॉसमॉस’ बर्नरात तर चपटी वात वर जाता जाता नळीसारखी वळते, ज्योतीला आतूनही हवा मिळते आणि प्रकाश स्थिर पडतो. माइसेन येथे १७१० साली ज्या चिनी मातीच्या उद्योगाचा पाया घातला गेला, त्याच्या जर्मन वारसदारांनी अशा बर्नरांखाली फुलांनी रंगविलेली सुबक भांडी बसविली. परंतु ते भांडे पुष्कळदा नुसते वेष्टन असते, तेलाची टाकी त्याच्या आत निराळी सोडलेली असते. जाणता संग्राहक म्हणूनच रंगकामावर भाळण्यापूर्वी वात वरखाली करण्याच्या चावीची चकती निरखतो, कारण कारखान्याची मुद्रा तिच्यावर असते, आणि एका दिव्याचा बर्नर दुसऱ्याच्या भांड्यावर चढविलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही.

इंग्रजी अंमलात कोळशाच्या खाणीपायी आगगाडी वरोऱ्यापर्यंत आली आणि विकतच्या तेलाची वाट मोकळी झाली. मालगुजाराच्या वाड्यात काचेचा दिवा लागला, तरी गरिबाच्या झोपडीत पत्र्याची बिनकाचेची चिमणीच धुरकटत राहिली. १९१४ च्या महायुद्धाने जर्मन मालाची आयात खुंटली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी असे घरगुती दिवे जमविले. भारतीय दिव्यांवरील त्यांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला, आणि सामान्य गृहस्थाच्या नित्य वापरातील वस्तूला त्यांनी आपल्या संग्रहालयात जो मान दिला, तो मला राजेरजवाड्यांच्या खजिन्यांहून मोलाचा वाटतो. चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी दिव्यांचा संग्रह मांडील, तर त्याने जर्मन दिव्याशेजारी ती पत्र्याची चिमणी ठेवावी, मोहाचे तेल काढण्याची साधने ठेवावीत, आणि ज्यांना ती अजून चालविता येतात अशा वृद्धांकडून त्यांची कृती आताच लिहून घ्यावी.