गाणं उसनं घेतलं, देणं कोण फेडणार?

'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आपल्या सभांत फार स्वस्त झालाय. वक्ता उठतो, अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव घेतो, टाळ्या घेतो आणि बसतो. या टाळ्यांचा हिशेब मला मांडायचाय. त्यासाठी मी उत्तर आयर्लंड घेतो. जातपात तोडक मंडळानं रद्द केलेलं भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली छापलं. त्यात त्यांनी अल्स्टरमधल्या कॅथॉलिक-प्रोटेस्टंट वैराकडं बोट दाखवलंय. समाज आतून फाटलेला असला की नुसते राजकीय तोडगे टिकत नाहीत, हे त्यांना सांगायचं होतं. पुढं तिथं काय घडलं, ते आपल्याला ठाऊक पाहिजे.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडं राहिले. तिथं प्रोटेस्टंट बहुसंख्य, कॅथॉलिक साधारण एक तृतीयांश. युनियनिस्ट पक्षानं १९७२ पर्यंत एकहाती सत्ता भोगली. नगरपालिकेला मत कुणाचं? ज्याच्या नावावर घर, त्याचं आणि त्याच्या बायकोचं. घरातल्या जाणत्या पोरांना मत नाही, एखादी खोली घेऊन राहणाऱ्याला नाही. उलट कंपनीवाल्याला जादा मतं, सहापर्यंत. म्हणजे घर मिळालं तरच मत. आणि नगरपालिकेची घरं वाटणार कोण? ज्यांना ही मतं नको होती तेच. डेरी शहरात कॅथॉलिक जास्त. पण वॉर्ड असे कापले की बारा नगरसेवक युनियनिस्ट आणि आठ नॅशनलिस्ट. बिनघराच्या गरीब प्रोटेस्टंटालाही मत नव्हतंच. पण सत्ता आपल्या लोकांची आहे, एवढ्यावर त्याला गप्प बसवलं. ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे.

वर १९२२ चा विशेषाधिकार कायदा. चौकशीशिवाय डांबा, मोर्चे बंद करा. १९६३ साली दक्षिण आफ्रिकेचा न्यायमंत्री फोर्स्टर भर संसदेत म्हणाला, की त्या कायद्यातल्या एका कलमाच्या बदल्यात आपले असले सगळे कायदे द्यायला तो तयार आहे. राज्यकर्ते असे आधीच आंतरराष्ट्रीय झाले होते. एकमेकांचे कायदे मन लावून वाचत होते.

मग पिचलेल्यांनीही वाचायला घेतलं. त्याच १९६३ साली डंगॅनन गावात घर न मिळालेल्या कॅथॉलिक बाया रस्त्यावर आल्या. टेलिव्हिजनवर अलाबामा दिसत होतं. बायांच्या फलकांवर अलाबामाचं नाव आलं. पॅट्रिशिया आणि कॉन मॅक्लस्की या नवरा-बायकोनं घरवाटपाचे, नोकऱ्यांचे, नगरसेवकांचे आकडे गावोगाव गोळा करून छापले. १९६७ साली बेलफास्टला नागरी हक्क संघटना उभी राहिली. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात एक घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलं; पोराबाळांची कॅथॉलिक कुटुंबं ताटकळत राहिली. आमदार ऑस्टिन करी त्या घरात घुसून बसले. २४ ऑगस्टला कोलआयलंड ते डंगॅनन पहिला मोर्चा निघाला, आणि मोर्चेकऱ्यांनी 'वुई शॅल ओव्हरकम' गायलं. गाणं थेट अमेरिकेतल्या काळ्यांचं.

५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीत बंदी मोडून मोर्चा निघाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, खासदार गेरी फिट यांचं डोकं फुटलं. ते चित्रण जगभर दिसलं. जानेवारी १९६९ मध्ये विद्यार्थी बेलफास्टहून डेरीला पायी निघाले. नमुना होता १९६५ च्या सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेचा. बर्नटॉलेट पुलाजवळ त्यांच्यावर दगड-दांड्यांनी हल्ला झाला. त्याच वर्षी नगरपालिकेला सर्व प्रौढांना मताचा हक्क मान्य करावा लागला. इथं मी कार्यकर्त्यांना बजावून सांगतो : कॅमेऱ्यानं लाठी दाखवली, पण मागणी काय ते सांगायला आधी जमवलेले आकडे होते. नुसत्या लाठीच्या फोटोनं कायदा बदलत नसतो.

आणि जगाचे डोळे गोळी अडवत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ३० जानेवारी १९७२ ला, विनाचौकशी डांबण्याविरुद्ध निघालेल्या डेरीच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी मेले, चौदावा नंतर. मेलेल्यांचा दोष नव्हता, हे सरकारी चौकशीतून मान्य व्हायला २०१० साल उजाडलं. अडतीस वर्षं घरच्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून.

आता देण्याचा मुद्दा. बर्नाडेट डेव्हलिन १९६९ साली एकविसाव्या वर्षी ब्रिटिश संसदेत निवडून आली. त्याच साली ती अमेरिकेला गेली. न्यूयॉर्कच्या महापौरानं सन्मानानं शहराची किल्ली दिली. तिनं ती पुढं ब्लॅक पँथरांकडं पाठवली. अमेरिकेतले बरेच आयरिश लोक चिडले. डेरीतल्या कॅथॉलिकासाठी त्यांचा जीव तुटत होता, शेजारच्या काळ्यासाठी नाही. १९७४ साली बॉस्टनमध्ये काळी आणि गोरी पोरं एका शाळेत बसवण्याचा कोर्टाचा हुकूम झाला. आयरिश वस्ती असलेल्या साउथ बॉस्टननं काळ्या पोरांच्या बसेसवर दगड मारले. एकाच रक्ताची माणसं. एका ठिकाणी काळ्यांचं गाणं, दुसऱ्या ठिकाणी काळ्यांवर दगड.

मला आंतरराष्ट्रीय संदर्भ कळतो तो असा. दूरच्या दुखण्याशी नातं सांगणं सोपं असतं. ते नातं आपल्या गल्लीत निभवायचं म्हटलं की कस लागतो. डेव्हलिननं ते निभावलं, म्हणून तिला ते गाणं म्हणायचा अधिकार होता.

१९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं. अभिमानानं घेतलं, बरोबरच केलं. पण नाव घेतलं की देणं लागतं. मार्च २०१७ मध्ये दिल्लीशेजारच्या ग्रेटर नोएडात जमावानं नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं. तुमच्या तालुक्यात किती पत्रकं निघाली? गावकुसाबाहेर आपल्याही पलीकडं पाल टाकून बसलेल्या पारध्याला पोलीस उचलून नेतात, तेव्हा ठाण्यावर कोण जातं?

म्हणून दोस्तांनो, पुढच्या सभेत अमेरिकेचं नाव जरूर घ्या. पण त्याआधी डंगॅननच्या बायांसारखं, मॅक्लस्की नवरा-बायकोसारखं काम करा. घरकुल कुणाला मिळालं, गायरान कुणाच्या ताब्यात आहे, शिष्यवृत्ती कुणाची अडली, याची वस्तीवार यादी करा. त्या यादीत पारध्याचं पालही आलं पाहिजे. यादी हातात घेऊन मोर्चा काढा. मग गाणं कुठलंही म्हणा.