महाकाली दरवाजा, नरनाळा

वऱ्हाडातील नरनाळा किल्ल्याचे अलंकृत दगडी प्रवेशद्वार. अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात, शहानूर गावाच्या वर, सातपुड्याच्या माथ्यावर हा किल्ला आहे. जाफराबाद व तेलियागड हे त्याचे जोडकिल्ले.

इतिहास : दरवाजा हिजरी ८९२ (इ. स. १४८६–८७) मध्ये, शिहाबुद्दीन महमूदशाह बहमनीच्या कारकिर्दीत उभा राहिला. बांधणीचे श्रेय वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क याला दिले जाते. विजयनगरच्या मुलखातील हिंदू घराण्यात जन्मलेला फतहुल्ला लढाईत कैद होऊन लहानपणीच वऱ्हाडात आला आणि बहमनी दरबारी मोठ्या पदाला चढला. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. म्हणजे दरवाजावर बहमनी सुलतानाच्या नावाचा लेख कोरला गेल्यावर तीन-चार वर्षांतच वऱ्हाडने बहमनींचा अंमल झुगारला. १५७४ मध्ये इमादशाही निजामशाहीत विलीन झाली. पुढे मोगल अमलात नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर परगणा याच सरकारात मोडे.

रचना : काळ्या कातळाच्या या मुलखात फिकट वालुकाश्माचा दरवाजा लांबूनच डोळ्यांत भरतो. मुख्य कमान टोकदार असून तिच्यावर कमळाची शिल्पे, अरबी लिपीतील कोरीव पट्टे आणि नक्षीदार छज्जा आहे. दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आहेत. त्यांच्या दगडी जाळ्यांची नक्षी जवळून न्याहाळावी अशी आहे, कारण तिच्यात कमालीचे वैविध्य आहे. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत.

महत्त्व : रोमन विजयकमानी रणातील यशाच्या स्मरणार्थ रस्त्यावर मोकळ्या उभ्या केल्या जात. याउलट महाकाली दरवाजा तटाचा भाग आहे व शत्रूला अडवणे हे त्याचे पहिले काम. तरीही त्यावर ओतलेली कलाकुसर संरक्षणाच्या गरजेपलीकडची आहे. येणाऱ्याला सत्तेचा दरारा जाणवावा, हाच तिचा हेतू दिसतो. पंधराव्या शतकातील वऱ्हाडी दगडकामाचा हा अव्वल नमुना होय.

संरक्षण : नरनाळा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार त्याची नासधूस, विद्रूपीकरण किंवा त्यावर नावे कोरणे हा दंडनीय गुन्हा आहे. वालुकाश्मावरील बारीक अक्षरे एकदा झिजली की पुन्हा मिळत नाहीत. म्हणून दरवाजा पाहताना नक्षीला हातही न लावणे श्रेयस्कर.