खैऱ्या, मोरचूद आणि सहा ग्रॅमची पुडी

२०१९ च्या पावसाळ्यात मी सुट्टी काढून गावी गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळ आमची लिंबाची थोडी झाडं आहेत. बाबांनी ड्रममध्ये तांब्याची हिरवट पावडर कालवली आणि खिशातून एक चिमुकली पुडी काढली. सहा ग्रॅमची. मागचं बारीक अक्षर वाचलं : स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट ९० टक्के, टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराईड १० टक्के.

“बाबा, हे तर आबाजीचं इंजेक्शन आहे!”

“मंग? माणसाले लागू पडते, त झाडाले काऊन नाही पडणार?”

ऐंशीच्या दशकात आबाजींना टीबी झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेऊन ते वाचले. नंतर त्यांना ऐकू मात्र कमी यायचं, आणि कानावर परिणाम होणं हा या औषधाचा माहीत असलेला दोष आहे. आमच्या घरात हे नाव कृतज्ञतेने आणि जरा मोठ्या आवाजात घेतलं जातं.

लिंबाच्या ज्या रोगासाठी ती पुडी होती, त्याला आपल्याकडे खैऱ्या म्हणतात, पुस्तकात कँकर. पानाच्या दोन्ही बाजूंना उठावदार, खरखरीत तपकिरी डाग आणि भोवती पिवळं वलय. फळावर आला की चवीत फारसा फरक पडत नाही, पण बाजारात भाव पडतो. हा रोग आपल्या भागाला नवा नाही. लंडनजवळच्या क्यू उद्यानात वाळवून ठेवलेले वनस्पतींचे जुने नमुने १९३३ मध्ये दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तपासले. त्यात १८२७ ते १८३१ या काळात भारतातून गेलेल्या महाळुंगाच्या पानांवर त्यांना कँकरचे डाग सापडले. म्हणजे रोगाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीचा पुरावा, तोही आपल्याच देशातला.

हा रोग अमेरिकेत पोचला तेव्हा लोक त्याला बुरशीच समजत होते. १९१५ मध्ये क्लारा हॅसे यांनी दाखवून दिलं की हा जिवाणू आहे. फ्लोरिडात तर रोगट झाडं जागेवरच जाळून टाकली. आपल्याकडे जिथे रोग शतकभर आधीपासून मुरलेला, तिथे जाळणार तरी किती?

आता पुडीकडे येऊ. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, अमेरिकेत, मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून. ते शोधणारा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ, आणि १९५२ चं नोबेल मिळालं एकट्या त्याच्या प्राध्यापकाला, सेलमन वाक्समन यांना. (ऑफिसात कोड कोणाचा आणि प्रेझेंटेशन कोणाचं हे पाहिलेल्यांना याचं नवल वाटू नये.) १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. आधी पेनिसिलिन, मग स्ट्रेप्टोमायसिन. स्ट्रेप्टोसायक्लिन ही शेतीसाठीची पुडीही याच कारखान्याची. मी रोज त्या रस्त्याने कामाला जायचो. लोक ‘एचए’ म्हणतात, मीही म्हणायचो. आमच्या घराचा त्याच्याशी दोनदा संबंध आलाय, हे मला पुडी वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं.

डाळिंबावरच्या तेल्यालाही हीच पुडी, टोमॅटोच्या ठिपक्यालाही हीच. अडचण अशी की पानावर कुठलाही डाग दिसला की कृषी केंद्रातून हीच पुडी यायची. डाग बुरशीचा असेल तर तिचा काडीचाही उपयोग नाही. आम्हीही हेच केलं. आणि गरज नसताना मारलेलं अँटिबायोटिक जिवाणूंना नुसतं शहाणं करतं. कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत १९७१ मध्येच स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जिवाणू सापडले होते. माणसांचं औषध शेतात वाया घालवू नये म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या जोडीवर बंदीचं पाऊल उचललं; १ जानेवारी २०२४ पासून शेतीतला वापर पूर्ण थांबवायचं ठरलं. मला हे योग्यच वाटतं. पण बंदीसोबत डाग ओळखायला कोणी शिकवलं नाही, हेही तितकंच खरं.

उरलं ते १८८५ चं, फ्रान्समधल्या द्राक्षबागांतून आलेलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मात्र हे औषध आलेला रोग बरा करत नाही, नव्या पालवीवर येऊ नये म्हणून आधी मारावं लागतं. खैऱ्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि काट्यांच्या ओरखड्यांतून, नागअळीने कोरलेल्या पानांतून आत शिरतात. म्हणून रोगट फांद्या कोरड्या दिवसांत छाटून जाळायच्या आणि नागअळी आवरायची. यात पुडीसारखा झटपट दिलासा नाही, मजुरी मात्र आहे.

गेल्या जूनमध्ये बाबांनी व्हिडिओ कॉल लावला. समोर प्लॅस्टिकचा ड्रम, त्यात निळं पाणी. त्यांनी घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवला, थोडं थांबले आणि कॅमेऱ्यासमोर धरला. पात्यावर तांबूस थर होता.

“पाह्य, लाल झाला. म्हंजे चुना कमी पडला.”

मग फोन तसाच बांधावर ठेवून ते चुन्याची निवळी आणायला गेले. मला बराच वेळ नुसतं आभाळ दिसत राहिलं, पावसाचं.