एका हाताचा मास्तर आणि आमची येरळा

विट्याचा माणूस पाण्याचा हिशेब कुणाकडून शिकत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. हंडा कितीचा, घागर कितीची, टँकर किती दिवसांनी येणार, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण हा हिशेब घरातला झाला. नदीचा हिशेब वेगळा असतो. तो मला उशिरा कळला, आणि तोही घरापासून फार लांब.

2023 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाने फीनिक्सहून एक मोटारहोम भाड्याने घेतलं आणि आम्हा दोघांना ग्रँड कॅनियन दाखवायला नेलं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं आत. एका टाकीत चांगलं पाणी, दुसरीत सांडपाणी, तिसरीत संडासाचं. कुठल्या टाकीत किती, ते भिंतीवरचे दिवे दाखवतात. मुलगा म्हणाला, "आई-बाबा, पाणी जपून हं. आंघोळ दोन मिनिटांत उरकायची." सौ. हसली. म्हणाली, "अरे, बहात्तर साली मी एका तांब्यात केस धुतलेत. तू तुझं बघ." तीन दिवसांनी दिवे पाहिले, तर आमच्या दोघांचं मिळून पाणी त्याच्या एकट्यापेक्षा कमी लागलं होतं!

कॅनियनचं वर्णन मी करत बसत नाही. पावणेतीनशे मैल लांब, जवळजवळ मैलभर खोल, आणि तळाशी दोऱ्यासारखी दिसणारी कोलोराडो नदी. एवढी भेग त्या दोऱ्याने पाडली, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल वाटेने आम्ही पहिल्या विश्रांतीगृहापर्यंत, म्हणजे दीड मैल, खाली उतरलो. उताराला तासभर लागला, चढाला अडीच तास. तिथे एक म्हण आहे : खाली जाणं तुमच्या मर्जीवर, वर येणं मात्र सक्तीचं. आमच्या गुडघ्यांना ती पटली.

ही वाट मुळात हवासुपाई लोकांची. खाली झऱ्यावर त्यांची शेती होती. पार्क झाल्यावर त्यांना तिथून उठवलं. 2022 मध्ये त्या जागेला त्यांचं नाव परत मिळालं, जमीन नाही.

एका गोष्टीने मी थक्क झालो. दक्षिण काठावर आपण नळ सोडतो, ते पाणी समोरच्या, उत्तर बाजूच्या कड्यातल्या झऱ्याचं. साडेबारा मैलांच्या नळाने ते दरीत उतरतं, नदी ओलांडतं आणि पंपाने कड्यावर चढवलं जातं. नळ 1960 च्या दशकाच्या अखेरीस टाकलेला. तो वारंवार फुटतो. 2024 च्या ऑगस्टअखेर इतका फुटला, की काठावरचा रात्रीचा मुक्काम काही दिवस बंद ठेवावा लागला. म्हणजे ही आपली उपसा योजनाच की! टेंभूला कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या माळावर आणतात, तसंच. फरक एवढाच, की तिथे ते नळाला येतं आणि आमच्याकडे उसाला जातं.

आता त्या मास्तराबद्दल. जॉन वेस्ली पॉवेल, जन्म 1834. तरुणपणी खेड्यातल्या शाळांत शिकवायचा. यादवी युद्धात, 1862 मध्ये, शायलोच्या लढाईत उजवा हात गेला. 24 मे 1869 रोजी चार लाकडी होड्या आणि नऊ सोबती घेऊन तो या नदीच्या मोहिमेवर निघाला. पुढे काय आहे हे नकाशात नव्हतं. एक होडी फुटली, शिधा भिजून कुजला, एकजण वाटेतच परत गेला. 28 ऑगस्टला एका भयंकर धबधब्यासमोर तिघांनी साथ सोडली आणि ते कडा चढून निघून गेले. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. उरलेले सहाजण दोनच दिवसांनी दरीतून सुखरूप बाहेर पडले. दोन दिवस!

पण पॉवेलचं खरं धाडस मला पुढचं वाटतं. 1878 मध्ये त्याने सरकारला कोरडवाहू प्रदेशावर अहवाल दिला. वर्षाला 20 इंचांहून कमी पाऊस पडतो तिथे सिंचनाशिवाय शेती भरवशाची नाही, आणि सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही, असं त्याने मांडलं. जमिनीचे चौकोन पाडू नका, पाणलोटाप्रमाणे हद्दी आखा आणि तिथल्या लोकांनाच पाण्याचा कारभार करू द्या, असंही सांगितलं. त्या काळी नांगरामागून पाऊस येतो, असं तिकडे शिकलेली माणसंही म्हणत. 1893 मध्ये लॉस एंजलिसच्या सिंचन परिषदेत त्याने पाणी पुरणार नाही, पुढे भांडणं होतील, असं सांगितलं, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवून त्याला गप्प केलं. 1922 मध्ये राज्यांनी कोलोराडो वाटून घेतली, ती नदीत आहे त्याहून जास्त पाणी धरून. 2021 मध्ये तिच्यावर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. आणि तिच्यावरच्या एका प्रचंड जलाशयाला नाव कुणाचं? पॉवेलचंच.

त्याचा अहवाल निघाला, तेव्हा आपल्याकडे 1876-78 चा दुष्काळ दख्खन उजाड करत होता. खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. आटपाडीकडचा पाऊस आजही त्या 20 इंचांच्याच आसपास, बहुधा खालीच. बहात्तरच्या दुष्काळात मी नुकताच बी.ए. झालेलो, दुष्काळी कामावर हजेरी मांडत होतो. तेव्हा खाल्लेली लाल मिलो ज्वारी अमेरिकेतून आली होती. कॅनियनच्या काठावर बसून मला तिचा वास आठवला.

आणि दुसरंही आठवलं. ते लिहायला थोडी लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात आमच्याच तालुक्यात, येरळेवर, बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला. नियम असा, की पाण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला सारखा, भूमिहीनालासुद्धा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. शाळेत मधल्या सुट्टीत यावर चर्चा झाली, तेव्हा मी म्हणालो होतो, "ज्याला रानच नाही त्याला पाणी कशाला? पाटीवर ओतून घेणार का?" सगळे हसले. आमचे शिपाई तिथेच चहा देत होते. त्यांना रान नव्हतं. ते हसले नाहीत.

पुढे 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. मागणी समन्यायी वाटपाची. लॉस एंजलिसच्या त्या सभेला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी गेलो असतो का, सांगता येत नाही.

आता टेंभूचं पाणी आलंय. ते आलं याचा आनंद मला कुणाहून कमी नाही. पण परत आल्यावर धाकट्या भावाला म्हटलं, "आपल्या साडेतीन एकरातला ऊस निम्म्यावर आणू." तो म्हणाला, "दादा, जन्मभर पाणी नव्हतं तेव्हा गप्प बसलास. आता आलंय तर हिशेब सांगतोस?"

त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. गप्प तर मी बसलोच होतो. यंदा एक एकरात ऊस मोडून शाळू केलाय. तेवढ्यावर आमचं मिटलं. बाकी अडीच एकरांचं बोलणं चालू आहे.