गोळी कुठे थांबते?

गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरापुढे आपण मोदक ठेवतो आणि तोच उंदीर धान्याच्या कणगीत सापडला की पिंजरा लावतो. यात ढोंग नाही. शेती करणारा माणूस आणि बिळात राहणारे प्राणी यांचे नाते जगभर असेच आहे. अमेरिकेत अशा उपद्रवी जनावरांना ‘व्हार्मिंट’ म्हणतात. त्यांना दुरून टिपण्याचा छंद तिथे गेल्या शंभर वर्षांत इतका वाढला, की त्यासाठी वेगळ्या रायफली, वेगळी काडतुसे आणि वेगळ्या गोळ्या तयार झाल्या. बेळगावसारख्या लष्करी केंद्राच्या गावात बंदूक कुणाला नवी नाही. पण गोळी निवडताना माणसाने काय काय विचार केला, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. त्याचा एक धागा थेट आपल्या देशातून जातो.

१८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी शिशाची आणि .४५ इंच जाडीची होती. नवी गोळी .३०३ इंचाची, आणि तिच्यावर तांबे-निकेलचे कवच. वेग वाढला की नुसते शिसे नळीतल्या पिळाला टिकत नाही, म्हणून हे कवच आले. पण १८९५ च्या चित्रळ मोहिमेत तक्रार सुरू झाली, की ही गोळी आरपार निघून जाते आणि समोरचा माणूस धावतच राहतो. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकावरचे कवच थोडे कमी करून आतले शिसे उघडे ठेवले. आदळताच टोक पसरायचे आणि गोळी सगळा जोर शरीरातच खर्च करायची. हीच ती कुप्रसिद्ध ‘दमदम’ गोळी. १८९७ साली पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी वायव्य सरहद्दीवर पठाणांविरुद्ध ही दमदम गोळी चालत होती.

१८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा झाला. ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्याला विरोध केला होता. ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. सैनिकाच्या गोळीने तेव्हापासून पूर्ण कवच पांघरले.

शिकाऱ्याचा हिशेब मात्र नेमका उलटा निघाला. आरपार गेलेल्या गोळीने जनावर लगेच मरत नाही, पळून जाते आणि कुठेतरी तडफडत राहते. शिवाय ती गोळी पुढे कुठे जाईल, याचा नेम नाही. म्हणून युद्धात जी क्रूर ठरली, तीच जात शिकारीत दयेची मानली गेली. गोळी कुठे थांबते, या एका प्रश्नाभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत वुडचक नावाचा जाडजूड बिळकरी प्राणी कुरणांत बिळे करतो. शेतकऱ्याला तो नको असतो. पण कुरणाच्या पलीकडे शेजाऱ्याचे घर असते, गाई चरत असतात. जड गोळी कडक जमिनीवर आपटून उसळली तर काही किलोमीटर जाऊ शकते. म्हणून लहान, वेगवान आणि लागताच फुटणाऱ्या गोळीची गरज निर्माण झाली. १९३० साली विंचेस्टर कंपनीने .२२ हॉर्नेट हे काडतूस बाजारात आणले. त्याची गोळी ४५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅमची. ली-मेटफर्डची गोळी यापेक्षा पावणेपाच पट जड होती. पाच वर्षांनी, १९३५ मध्ये, .२२० स्विफ्ट आले. त्याची ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १२५० मीटर वेगाने सुटायची. हॉर्नेटचा भरवसा दीडशे मीटरच्या आसपास संपायचा, स्विफ्टने तो तीनशेच्या पलीकडे नेला.

दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांचा तुटवडा पडला. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी साचे बनवले. .२२ च्या लहान काडतुसांची उडालेली रिकामी पितळी टोपणे घ्यायची, त्यांत शिसे भरायचे, दाबायचे, की झाली गोळी तयार. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्या आपल्या आजीला हा उद्योग नक्की आवडला असता. तिथल्या रॉक चक या प्राण्यासाठी बनवलेल्या या गोळीवरूनच त्यांच्या कंपनीचे ‘आरसीबीएस’ हे नाव पडले. ते पातळ पितळ लागताच फाटायचे. शिकाऱ्याला नेमके तेच हवे होते.

लांबचा पल्ला गाठायचा म्हटला, की निवड अवघड होते. हलकी गोळी नळीतून जोरात सुटते, पण हवा तिला लवकर दमवते आणि वारा तिला बाजूला ढकलतो. जड, लांब, टोकदार गोळी सावकाश सुटते, पण वेग जपते. तीनशे मीटरनंतर तीच सरस ठरते. पण लांब गोळी स्थिर राहायला जास्त फिरावी लागते. गोळीची लांबी आणि नळीचा पीळ यांचे सूत्र वुलिच येथील प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच मांडले होते. .२२-२५० या प्रसिद्ध काडतुसाच्या रायफलीत सहसा १४ इंचांत एक फेरा असतो. तेवढ्या पिळातही ५५ ग्रेनची गोळी मिनिटाला जवळजवळ १ लाख ९० हजार वेळा फिरते. पीळ आणखी घट्ट केला, तर पातळ कवचाची गोळी वाटेतच फुटते आणि लक्ष्यावर छिद्र दिसतच नाही. कवच जाड केले, तर दूरवर वेग मंदावल्यावर ती फुटत नाही, आरपार जाते. पोकळ टोक, नंतर प्लॅस्टिकचे टोक, ही सगळी धडपड या दोन टोकांमधली वाट काढण्यासाठी होती.

या कहाणीला एक वळण आहे. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी छोट्या प्राण्यांसाठी आणि नेमबाजीसाठी .२२२ हे काडतूस काढले. त्याचाच वंश लांबवून .२२३ झाले, आणि तेच अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचे ५.५६ मिलिमीटर काडतूस ठरले. आपल्या सैन्याची इन्सास रायफलही ५.५६ चीच. सैन्यातून निघालेली गोळी शेतातून फिरून पुन्हा सैन्यात आली. येताना मात्र हेगच्या जाहीरनाम्यानुसार तिने पूर्ण कवच चढवले.

फुटणारी गोळी शेजाऱ्याच्या गाईपर्यंत जात नाही, हे खरे. पण ती थांबते का? पश्चिमेच्या माळरानांवर प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या वसाहती असतात. विषप्रयोग, प्लेग आणि नांगरट यांमुळे त्या मोठ्या प्रदेशातून नाहीशा झाल्या. त्यांच्यावर जगणारे काळ्या पायांचे फेरेट तर नामशेषच समजले गेले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधील मीटीट्सी गावाजवळ एका पाळीव कुत्र्याने एक मारून आणले, तेव्हा ते अजून आहेत हे कळले. गोळीने मेलेले प्राणी माळावर तसेच पडून राहतात. गरुड आणि गिधाडे ते खातात, आणि शिशाचे बारीक कण त्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाची कॉन्डोर गिधाडे १९८२ साली फक्त २२ उरली होती, आणि आजही त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण शिसे आहे. त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला जास्त पीळ लागतो. ग्रीनहिल यांचे सूत्र सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा कामाला आले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ प्राण्यांची यादी होती, आणि तिच्यात उंदीर होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. म्हणून शेतकऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही. खानापूरकडच्या माणसाला रात्रभर भाताची राखण करताना रानडुकराबद्दल काय वाटते, ते त्यालाच विचारावे. एवढेच, की उपद्रवी हे प्राण्याचे नाव नसते, ते आपल्या गरजेचे नाव असते.

शहाणे शिकारी गोळी निवडताना दोन प्रश्न विचारत आले: लागेल का, आणि लागल्यावर थांबेल का? तिसरा प्रश्न इतिहासाने उशिरा विचारायला लावला. थांबल्यावर ती कुणाच्या पोटात जाईल?