मास्तरांची वही आणि मारुती ८००

आमच्या चोडणच्या घरी एक जुनी हिशेबाची वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदाराच्या उधारीची असते तशी. पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली बाबांच्या मास्तरी अक्षरात शब्द आहेत: 'गाडीखर्च, १९९८ पासून'. गोव्याचा इतिहास म्हटला की आपल्याला ताम्रपट, देवळे आणि पोर्तुगीज दप्तरे आठवतात. पण आपल्या मध्यमवर्गाच्या दारात मोटार कशी आली आणि कशी गेली हे कोणाला लिहायचे झाले, तर अशाच वह्या शोधाव्या लागतील.

आधी थोडी पार्श्वभूमी. २ ऑक्टोबर १९८२ रोजी सरकारी मालकीच्या मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकीशी करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली दिली. किंमत होती ४७,५०० रुपये. तोवर आपल्या रस्त्यांवर ॲम्बॅसेडर आणि फियाट यांचेच राज्य होते. त्या गाड्या वरचेवर बिघडत, पण गल्लीतल्या कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होत. त्यामुळे 'बिघडली की बघू' हीच आपली रीत पडून गेली होती.

नवी गाडी वेगळ्या मुलखातली होती. जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या मोटारींचा वर्ग आहे. त्या काळी त्यांच्या इंजिनाला ५५० सीसीची मर्यादा होती. आपल्याकडे आली ती त्याच जातीची, पण ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बसवलेली. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी ती करावीच लागते. आपल्याकडे खासगी मोटारीला तपासणीसाठी सरकारी दारात जावे लागते ते पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी. गाडी आपण आणली, पण तिच्यामागची शिस्त काही आणली नाही.

बाबांनी सोसायटीचे कर्ज काढून ८०० घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो. रायबंदरहून फेरीबोटीने गाडी चोडणला उतरली तेव्हा अर्धा वाडा बघायला आला होता. त्या रात्रीच त्यांनी वही घातली. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम असे चार रकाने. आम्ही भावंडे हसायचो. पेट्रोलचा थेंबही लिहून ठेवतात म्हणून आई चिडायची.

आज ती वही वाचताना या गाडीची सगळी दुखणी क्रमाने दिसतात. सुरुवातीची पाने कार्ब्युरेटरची. पावसाळी सकाळी चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नसे आणि जेटमध्ये कचरा अडकला की सिग्नलला बंद पडे. इंधन थेट फवारणारी एमपीएफआय पद्धत या गाडीत २००० साली आली, म्हणजे आमच्यानंतर. मग क्लच वायर, पुढे क्लच प्लेट. मग ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट. हा बूट दीडदमडीचा, पण फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. वळताना टकटक आवाज येऊ लागला की समजावे, आता अख्खा जॉइंट बदलणे आले.

सर्वांत शिकवणारी नोंद मे २००३ ची. फेरीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे होतो. गाडी उभी असताना रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त विजेच्या पंख्याचा, आणि पंख्याचा स्विच गेलेला. हेड ॲल्युमिनियमचे, ते तापून वाकायला वेळ लागत नाही. बाबांनी काटा चढलेला पाहिला आणि लगेच इंजिन बंद केले. स्विच बदलण्यावर भागले. आणखी थोडा वेळ तसेच राहिलो असतो तर हेड गॅस्केट जळून पाणी ऑइलमध्ये गेले असते. वहीत त्या नोंदीपुढे कंसात दोनच शब्द आहेत: 'काटा पाहावा'.

टायमिंग बेल्ट तर त्यांनी दोनदा बदलला, तोही तुटण्याआधी. 'चालणारी वस्तू कशाला बदलता?' असे मी विचारले होते. बाबा म्हणाले, 'शाळेचे छप्पर आम्ही पावसाआधी शाकारतो, गळल्यावर नव्हे.' सोळा वर्षांच्या देखभालीची बेरीज त्यांनी शेवटी मांडली आहे. ती गाडीच्या मूळ किमतीच्या निम्मीही नाही.

१८ जानेवारी २०१४ रोजी शेवटची ८०० कारखान्यातून बाहेर पडली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बाबा गेले. वहीतली शेवटची नोंद त्यांच्याच हातची आहे. पुढची पाने कोरी आहेत, आणि ती मी कोरी ठेवली.

मी काही वाईट चालवली नाही. पेट्रोल घातले, विमा भरला, बिघाड झाला की गॅरेजात नेली. पण बाबा दर सप्टेंबरात गालिचा उचलून तळ कोरडा करत आणि दारांखालच्या भोकांतली तांबडी माती तारेने काढत, ते मी केले नाही. त्या भोकांतून पाणी निचरते. ती बुजली की पाणी आतच राहते आणि पत्रा आतून कुजू लागतो. भरतीच्या वेळी फेरीच्या उतरंडीवर चाकांना लागणारे खारे पाणी त्यात भर घालते. वरून रंग मात्र चकचकीत दिसतो.

२०१८ च्या नूतनीकरणाला पत्र्याची ठिगळे लावून निभावले. २०२३ साली पुन्हा पाळी आली. एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांचे शुल्क ५,००० झाले होते (ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींना ते १०,००० झाले). पण मला अडवले ते शुल्काने नाही. जुन्या मेकॅनिकने गालिचा उचलला आणि स्क्रू-ड्रायव्हर तळातून आरपार घातला. तो म्हणाला, 'इंजिन बरें आसा, पत्रो मात कुसलो.' मग थोडे थांबून, 'मास्तर आसले जाल्यार...' एवढेच बोलला आणि गप्प झाला.

गाडी भंगारात गेली. फेरीवरून ती शेवटची उतरली तेव्हा कोणी बघायला नव्हते.

हरपाल सिंग २०१० साली वारले. त्यानंतर देशातली ती पहिली मारुती दिल्लीत रस्त्याकडेला गंजत पडली होती. पुढे ती दुरुस्त होऊन २०२२ साली कंपनीच्या मुख्यालयात मांडली गेली. आमच्या गाडीला तसे भाग्य नव्हते, आणि ती तेवढी थोरही नव्हती.

आता माझ्याकडे दुसरी छोटी गाडी आहे. तिचा खर्च मी मोबाइलमध्ये लिहीत असे. यंदा मात्र बाबांची वही काढली आणि पहिल्या कोऱ्या पानावर तारीख, किलोमीटर, काम, रक्कम असे चार रकाने आखले. पहिली नोंद: 'गालिचा उचलला, भोके साफ केली. खर्च: काही नाही.'