हुरडा : एक शब्द आणि एक प्रादेशिक अभिमान

एखाद्या पदार्थाच्या नावाभोवती प्रदेशाचा अभिमान गुंफला जावा, ही गोष्ट अनेक समाजांत आढळते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत निखाऱ्यांच्या धगीवर मंदपणे भाजलेले मांस, म्हणजे ‘बार्बेक्यू’, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा लाकडी माचीचा वाचक असलेला शब्द स्पॅनिश ‘बार्बाकोआ’ या रूपाने इंग्रजीत उतरला. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात सबंध डुक्कर भाजून त्यास व्हिनेगरचा आंबटपणा देतात, तर टेक्ससमध्ये गोमांसास मान आहे. आणि प्रत्येक प्रदेश आपलीच रीत अस्सल मानतो. भीमेच्या खोऱ्यात, विशेषतः टेंभुर्णीच्या परिसरात, या अभिमानाच्या तोलाची वस्तू शोधू गेल्यास हुरड्याचेच नाव घ्यावे लागते.

प्रथम शब्दाचा विचार करू. शेतकऱ्याच्या बोलीत रब्बी ज्वारी पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते, चिकात येते आणि मग हुरड्यात येते. म्हणजे ‘हुरडा’ हे खाद्याचे नाव आहे, तसेच ते पिकाच्या एका अवस्थेचेही नाव आहे. दाणा कोवळा व गोड असण्याचा तो काळ मार्गशीर्ष-पौषातील थोड्या दिवसांचा असतो. जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्या पेटवितात, कणसे निखाऱ्यांत खुपसतात, आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे वेगळे करतात. या खळग्यास ‘आगटी’ म्हणतात. हिंदी ‘अंगीठी’ प्रमाणेच हा शब्दही संस्कृत ‘अग्निष्ठिका’ च्या कुळातील होय.

अभिमानाचा दुसरा आधार धान्य हा आहे. खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी मालदांडी ज्वारी ही सोलापूर जिल्ह्याची खूण. याच जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३० नंतरच्या दशकात प्रसृत झाला व पुढे दख्खनच्या पठारावर दूरवर पसरला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेस मोकळी केली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. या कथेत धान्य किती पिकले यास महत्त्व नाही. ते दिले गेले, हे गौरवास्पद ठरले आहे.

हुरड्याच्या निमंत्रणात हीच भूमिका व्याकरणाच्या रूपाने उमटली आहे. ‘हुरड्याला या’ या वाक्यातील चतुर्थी ‘लग्नाला या’, ‘जेवायला या’ यांतील चतुर्थीसारखीच आहे. तिच्यात यजमान आहे, पाहुणा आहे, किंमत नाही. अलीकडे मात्र पुणे-सोलापूर महामार्गालगत ‘हुरडा पार्टी’ हा समास रूढ झाला असून तिला माणशी दर असतो. ही केवळ परभाषेची उसनवारी आहे असे समजणे उथळपणाचे होईल. यजमानाच्या जागी विक्रेता आला, हा संबंधातील पालट त्या शब्दाने नोंदविला आहे.

यामागील आर्थिक कारण उघड आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि माढा तालुक्याच्या भीमाकाठच्या भागात जिराईत ज्वारीची जागा उसाने मोठ्या प्रमाणावर घेतली. उसाने या भागास पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. तथापि ज्याच्या शेतात ज्वारी नाही तो ‘हुरड्याला या’ असे कोणत्या आधारावर म्हणणार? बार्बेक्यू रस्त्याकाठच्या दुकानात गेला तरी त्याचा अभिमान टिकला, कारण मांस व लाकूड कोठेही नेता येते. हुरडा मात्र उभ्या पिकाची अवस्था आहे. शेताच्या बांधापासून तो फार दूर जाऊ शकत नाही.

म्हणून प्रादेशिक अभिमानाचा इतिहास लिहिताना पदार्थाची स्तुती पुरेशी नाही. पोटरी, निसवणे, चीक, आगटी हे शब्द ज्यांच्या तोंडी अद्याप आहेत, त्यांच्याकडून ते पिकाच्या बांधावर बसून नोंदविणे अगत्याचे आहे. शेत गेल्यावर शब्द कोशात उरेल, परंतु निमंत्रण उरणार नाही.